चेरोकींचा जंगलाशी करार

व्हॉट्सअ‍ॅपवर वर्षातून एकदा तरी एक चेरोकी आजोबा भेटतात. नातवाला ते सांगतात, माणसाच्या मनात दोन लांडगे भांडत असतात, एक चांगला आणि एक वाईट. ज्याला आपण खाऊ घालतो तो जिंकतो. मराठीत ही गोष्ट आता इतकी रुळली आहे की शाळेच्या स्नेहसंमेलनात आणि विमा एजंटांच्या शिबिरात ती सारख्याच भक्तिभावाने सांगितली जाते. गोष्ट छान आहे, पण ती चेरोकींची असल्याचा पुरावा कुठेच मिळत नाही. अमेरिकी धर्मोपदेशक बिली ग्रॅहम यांच्या 1978 सालच्या एका पुस्तकात तिचं जुनं रूप सापडतं. त्यात आजोबा नाहीत, लांडगे नाहीत, चेरोकी तर नाहीतच. एक एस्किमो कोळी आहे आणि त्याचे झुंजीचे दोन कुत्रे, एक काळा, एक पांढरा. पैज नेहमी कोळीच जिंकतो, कारण कुठल्या कुत्र्याला उपाशी ठेवायचं हे त्याच्याच हातात असतं.

जुन्या चेरोकी कथांमधला लांडगा मनात वगैरे राहत नाही, डोंगरात राहतो. पहिला शिकारी कानाती याचा तो शिकारी कुत्रा. त्याला मारायचं नाही. मारलंच तर त्याचे भाऊबंद सूड घेतात आणि ज्या बंदुकीने मारलं ती, शुद्ध करून घेईपर्यंत, निकामी होते. पण लांडगा गुरांवर आणि मासे धरायच्या सापळ्यांवर डल्ला मारू लागला तर काय करायचं? त्यासाठी मोबदला घेऊन लांडगा मारणारा जाणकार असे. मारून झालं की तो लांडग्याची प्रार्थना करी आणि तीत या खुनाचा दोष सरळ दुसऱ्याच गावच्या लोकांवर ढकलून देई. मग बंदुकीची नळी काढायची, सावरवुड झाडाच्या सात काड्या विस्तवावर तापवून तीत सारायच्या आणि नळी रात्रभर वाहत्या ओढ्यात ठेवायची. सकाळी काड्या काढून नळी पुसून कोरडी केली की बंदूक पुन्हा कामाची. शेजारच्या गावावर बालंट घेणारा हा माणूस मला त्या उपदेशक आजोबांपेक्षा फार खरा वाटतो.

गरुड म्हणजे धैर्य, अस्वल म्हणजे शक्ती, कासव म्हणजे संयम, असे तक्ते इंटरनेटवर ढिगाने मिळतात. चेरोकींच्या नोंदी वाचायला घेतल्या की हे तक्ते बाजूला ठेवावे लागतात. तिथे प्राणी आणि वनस्पती हा व्यवहारातला दुसरा पक्ष आहे. त्याच्याकडून काही घ्यायचं तर विचारावं लागतं, किंमत मोजावी लागते आणि मोजली नाही तर वसुली होते. प्रतीकं आहेत, भरपूर आहेत. पण ती या देण्याघेण्याच्या हिशेबात बसलेली आहेत. हिशेबातून उचलून भिंतीवर टांगली की त्यांना अर्थ उरत नाही.

चेरोकींचा मूळ मुलूख म्हणजे अ‍ॅपलाचिअन पर्वतरांगेचं दक्षिण टोक, आजच्या नॉर्थ कॅरोलायना, टेनेसी, जॉर्जिया या राज्यांतले डोंगर आणि नदीकाठ. आज त्यांची केंद्र सरकारने मान्य केलेली तीन स्वतंत्र शासनं आहेत: ओक्लाहोमातल्या टाहलेक्वा इथली दोन आणि नॉर्थ कॅरोलायनातल्या मूळ डोंगरांत राहिलेल्या लोकांचं एक. सर्वांत मोठ्या चेरोकी नेशनचे नागरिक साडेचार लाखांहून अधिक आहेत. बहुसंख्य चेरोकी आज ख्रिस्ती आहेत, हेही आधीच सांगितलेलं बरं. 

जुन्या परंपरेविषयी आपण जे वाचतो त्याचा मोठा भाग जेम्स मूनी या संशोधकाच्या कष्टांतून आला. 1887 पासून तीन-चार वर्षं तो या डोंगरांत येऊन राहत होता. त्याचा मुख्य गुरू होता अयुनिनी, इंग्रजीत ‘स्विमर’. हा वैद्य, मांत्रिक आणि कथेकरी इंग्रजी बोलत नसे. त्याच्याकडे सुमारे 240 पानांची एक वही होती. तीत रोगांवरचे, शिकारीचे, प्रेमाचे आणि चेंडूच्या खेळात जिंकण्याचे मंत्र त्याने चेरोकी लिपीत उतरवून ठेवले होते. ही लिपी सिक्वोया नावाच्या चेरोकी कारागिराने 1821 पर्यंत एकट्याने सिद्ध केली होती. म्हणजे मूनीच्या आधीच ही परंपरा लेखी झाली होती, आणि तीही चेरोकींच्या स्वतःच्या हाताने. मूनीने असे सुमारे सहाशे मंत्र जमवले. ‘मिथ्स ऑफ द चेरोकी’ हा त्याचा ग्रंथ 1900 साली निघाला. स्विमर त्याच्या आदल्याच वर्षी वारला होता.

स्विमरने सांगितलेल्या कथांमध्ये मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती रोगांच्या उत्पत्तीची. पूर्वी माणसं आणि प्राणी एकमेकांशी बोलत, सलोख्याने राहत. मग माणसांची संख्या वाढली, त्यांनी धनुष्यबाण, सुऱ्या, गळ बनवले आणि कत्तल सुरू झाली. प्राण्यांनी जातवार सभा भरवल्या. पहिली सभा अस्वलांची, कुवोही शिखराखालच्या सभागृहात, म्हाताऱ्या पांढऱ्या अस्वलाच्या अध्यक्षतेखाली. माणूस ज्या शस्त्राने मारतो तेच आपणही वापरू, असं ठरलं. दोरीसाठी आतडं हवं म्हणून एका अस्वलाने प्राण दिला. धनुष्य तयार झालं, पण बाण सोडताना नखं दोरीत अडकू लागली. कुणीतरी नखं कापली आणि नेम बरोबर बसला. तेव्हा अध्यक्ष म्हणाले, एक जण आधीच गेला. आता सगळ्यांनी नखं कापली तर झाडावर चढायचं कसं आणि खायचं काय? सभा काहीच न ठरवता उठली. म्हणून चेरोकी शिकारी अस्वल मारल्यावर त्याची क्षमासुद्धा मागत नाही. अस्वलांनी ठराव केला नाही, तर देणं कसलं?

हरणांनी मात्र ठराव केला. त्यांचा प्रमुख अवी उस्दी, म्हणजे ‘छोटं हरीण’, पांढराशुभ्र आणि लहानशा कुत्र्याएवढा. क्षमा न मागता हरीण मारणाऱ्या शिकाऱ्याला संधिवात जडवायचा, असं हरणांनी ठरवलं आणि सर्वांत जवळच्या माणसांच्या वस्तीला तशी रीतसर नोटीसही धाडली. तेव्हापासून कुठेही हरीण पडलं की अवी उस्दी वाऱ्याच्या वेगाने तिथे पोचतो, रक्ताच्या डागांवर वाकतो आणि मेलेल्या हरणाच्या आत्म्याला विचारतो, शिकाऱ्याने क्षमा मागितली का? हो म्हटलं तर प्रश्न मिटला. नाही म्हटलं तर तो रक्ताच्या थेंबांचा माग काढत शिकाऱ्याच्या झोपडीपर्यंत जातो आणि त्याचे सांधे धरून टाकतो. ज्यांना क्षमेचा मंत्र येत नसे ते शिकारी परतताना वाटेवर आपल्या मागे आग पेटवत, म्हणजे अवी उस्दीला पुढे येता येऊ नये. कायद्यासोबत पळवाटही आलीच!

मासे आणि सरपटणाऱ्यांनी माणसाला सापांची, सडक्या माशांची स्वप्नं पाडून त्याची भूक मारायचं ठरवलं. पक्षी, कीटक आणि बारक्या प्राण्यांची सभा एका अळीच्या अध्यक्षतेखाली भरली. तिथे माणसाच्या बाजूने फक्त पट्ट्याची खार बोलली. बाकीचे चिडून तिच्यावर धावले. त्यांच्या नखांचे ओरखडे तिच्या पाठीवर अजून आहेत. रोगांची यादी वाढत गेली तशी अळी आनंदाने उलथी पडली आणि तिला पुन्हा पायांवर उभं राहता आलं नाही. 

शेवटी हे सगळं वनस्पतींच्या कानावर गेलं. झाडं, झुडपं, गवत, अगदी शेवाळदेखील, प्रत्येकाने एकेका रोगावर औषध व्हायचं कबूल केलं. औषध सुचेना तर वनस्पतीचा आत्माच वैद्याला ते सांगतो, अशी श्रद्धा होती.

आता हाच संधिवात स्विमरसारख्या वैद्याकडे गेला की काय होई ते पाहू. रोग हरणाने घातला, तर तो काढायला हरणाचा वैरी हवा. म्हणून मंत्रात कुत्र्याला बोलावलं जातं. पूर्वेकडून लाल कुत्रा, उत्तरेकडून निळा, पश्चिमेकडून काळा, दक्षिणेकडून पांढरा. एकेकाने येऊन दुखण्याचा थोडा थोडा भाग घेऊन जायचा. रंग उगाच आलेले नाहीत. चेरोकींच्या दिशांत पूर्व लाल म्हणजे यशाची, उत्तर निळी म्हणजे संकटाची, पश्चिम काळी म्हणजे मृत्यूची आणि दक्षिण पांढरी म्हणजे शांतीची. मंत्रासोबत नेच्याच्या मुळांचा गरम काढा चोळायचा. नेचंच का, तर त्याचं कोवळं पान गुंडाळलेलं उगवतं आणि वाढताना सरळ होत जातं. आखडलेला सांधाही तसाच मोकळा व्हावा. पथ्यही त्याच न्यायाने. रुग्णाने खारीला हात लावायचा नाही, कारण ती अंग आखडून बसते. मूनीला या औषधांच्या गुणाविषयी भरपूर शंका होत्या आणि त्याने त्या लपवल्या नाहीत. मला इथे औषधाचा गुण तपासायचा नाही. हरीण, कुत्रा, दिशा, रंग, नेचं आणि खार हे सगळं एका दुखऱ्या गुडघ्याभोवती किती नेटकं बसवलंय, ते पाहण्यासारखं आहे.

जिन्सेंगच्या मुळाचंही तसंच. ते माणसाच्या आकृतीसारखं दिसतं, म्हणून मंत्रांत त्याला ‘छोटा माणूस’ म्हणून हाक मारत. औषधाला मूळ खणायला निघालेला वैद्य दिसलेली पहिली तीन झाडं सोडून देई आणि चौथ्यापाशी थांबून त्याच्या देहाचा छोटासा तुकडा मागे. मूळ काढलं की खड्ड्यात एक मणी टाकून माती ओढायची. ही किंमत. गरुडाच्या बाबतीत तर व्यवहार आणखी नाजूक होता. गरुड मारायचा तो ठरलेल्या माणसानेच, तोही हिवाळ्यात, पिकं घरात आल्यावर आणि साप बिळात गेल्यावर. गावात परतल्यावर तो सांगे, एक बर्फचिमणी मेली. ऐकणाऱ्या गरुडांना संशय येऊ नये हा हेतू. कुणाला साप चावला तर काट्याने ओरखडलं असंच म्हणायचं. आपल्या खेड्यांत ‘पान लागलं’ म्हणतात, ते आठवतं.

याला आज कुणी ‘शाश्वत वापर’ म्हणेल. चारपैकी तीन झाडं सोडली तर जंगल टिकतं, हे खरंच आहे. पण चेरोकींना जन्मजात पर्यावरणरक्षक ठरवून मोकळं होऊ नये. अठराव्या शतकात चार्ल्सटन बंदरातून हरणांची लाखो कातडी इंग्लंडला गेली आणि त्यांतली पुष्कळ चेरोकी शिकाऱ्यांनी आणलेली होती. बदल्यात बंदुका, कापड, किटल्या आणि दारू आली. अवी उस्दीच्या दहशतीला बाजाराने बऱ्यापैकी हरवलं होतं. करार असणं आणि तो नेहमी पाळला जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको.

सृष्टीच्या कथेतही चिकाटी आणि जागरण यांचं मोल आहे. आधी सगळीकडे पाणी होतं. एका पाणभुंग्याने तळाशी बुडी मारून चिखल वर आणला, त्याची जमीन झाली आणि चार दिशांना चार दोरांनी ती आभाळाच्या दगडी घुमटाला टांगली गेली. जमीन ओली असतानाच महागिधाड तिच्यावरून उडत होतं. चेरोकींच्या मुलखावर येईतो ते थकलं. पंख जिथे टेकले तिथे दऱ्या झाल्या, जिथे उचलले तिथे डोंगर. मग सगळ्या प्राण्यांना आणि झाडांना सात रात्री जागायला सांगितलं गेलं. प्राण्यांत घुबड, पँथर असे मोजकेच टिकले. त्यांना अंधारात दिसू लागलं. झाडांत सीडर, पाइन, स्प्रूस, हॉली, लॉरेल जागे राहिले. ते बारमाही हिरवे राहिले आणि औषधासाठी श्रेष्ठ ठरले. सात हा आकडा पुढे सगळीकडे भेटतो: कुळं सात, बंदुकीच्या नळीतल्या काड्या सात. कूळ आईकडून येतं. पहिली आग आणण्याच्या कथेत कावळा काळा पडतो, घुबडांचे डोळे भाजतात, साप होरपळतात. शेवटी पाण्यातला एक कोळी किडा आपल्या धाग्याची वाटी विणून पाठीवर घेतो आणि तीत एक निखारा आणतो. 

नदीला चेरोकी ‘लांब माणूस’ म्हणतात. डोक्याशी डोंगर, पायाशी सखल प्रदेश, आणि अखंड बोलणं. मात्र ते कळतं जाणत्यालाच. पहाटे नदीवर जाऊन, पूर्वेकडे तोंड करून पाण्यात बुडी घेण्याचा विधी नव्या चंद्राला, आजारात, चेंडूच्या सामन्याआधी होत असे. वैद्य काठावर उभा राहून उजव्या हाताच्या चिमटीत लाल मणी आणि डाव्या हातात काळा मणी धरी. लाल मणी आपल्या माणसाचा, काळा प्रतिस्पर्ध्याचा. मणी बोटांत कसे हलतात यावरून निकाल कळे.

मक्याची कथा याहून कठोर आहे. कानातीची बायको सेलू कोठारात जाऊन आपल्या अंगातूनच मका आणि घेवडा काढते, हे मुलं चोरून पाहतात आणि तिला चेटकीण ठरवून मारायला निघतात. मरण्याआधी ती सांगते, घरापुढे मोठी जमीन साफ करा, माझा देह त्यावरून सात वेळा ओढा आणि रात्रभर जागा. मुलं आळशी. त्यांनी सात लहान तुकडेच साफ केले, म्हणून मका सगळीकडे उगवत नाही. देह दोनदाच ओढला, म्हणून मशागतही दोनदाच. जिथे रक्त सांडलं तिथे मका आला. कणीस खाताना आईचा देह आठवावा, ही अपेक्षा या कथेत आहे.

अशा धर्मात जागा बदलता येत नाही. अस्वलांची सभा कुठल्याशा शिखरावर नव्हती, ती कुवोहीवर भरली होती. म्हणून 1838-39 मध्ये जे झालं त्याचं नुकसान एकरांत मोजता येत नाही. 1830 चा हकालपट्टीचा कायदा आणि 1835 चा करार, जो मूठभरांनी सही करून बहुसंख्यांवर लादला, यांच्या जोरावर अमेरिकी सैन्याने सुमारे 16,000 चेरोकींना ओक्लाहोमाकडे हाकललं. वाटेत आणि छावण्यांत सुमारे 4,000 मेले असा अंदाज आहे. पवित्र अग्नी लोकांनी सोबत नेला, असं तिकडची परंपरा सांगते, आणि ओक्लाहोमात त्या अग्नीभोवती आजही रात्रभर नाच होतात. पायांना कासवाच्या कवचांचे घुंगुर बांधून ताल धरतात त्या बायकाच. अग्नी नेता आला, नद्या कशा नेणार?

हा प्रश्न पुढे कोर्टातही गेला. लिटल टेनेसी नदीवर टेलिको धरण बांधायचं ठरलं, तेव्हा चोटा ही जुनी राजधानी आणि तनासी हे गाव, ज्यावरून टेनेसी राज्याला नाव मिळालं, ही दोन्ही बुडणार होती. स्नेल डार्टर नावाच्या बोटभर माशासाठी सर्वोच्च न्यायालयाने 1978 साली धरण थांबवलं. पुढच्याच वर्षी काँग्रेसने खास सवलत देऊन ते मोकळं केलं. चेरोकींनी दावा केला की ही पूर्वजांच्या आणि औषधी वनस्पतींच्या जागा आहेत, त्या बुडवणं म्हणजे आमच्या धर्मावर घाला आहे. 1980 साली अपील न्यायालयाने श्रद्धेच्या प्रामाणिकपणावर शंका घेतली नाही, पण ही खोरी धर्मपालनासाठी अपरिहार्य असल्याचं सिद्ध झालं नाही, असं म्हणून दावा फेटाळला. पाणी तोवर भरलं होतं. चोटाच्या सभागृहाच्या जागी भराव टाकून आठ खांब उभारले आहेत, सात कुळांचे सात आणि राष्ट्राचा एक. माझ्या मते न्यायालयाला हा धर्म कळलाच नाही. देऊळ शोधत गेलात तर नदी हेच ठिकाण आहे हे कसं दिसणार?

अलीकडे काही गोष्टी परतही मिळत आहेत. किटुवा, सगळ्या गावांची आई मानलेली जागा, पूर्वेकडच्या चेरोकींनी 1996 मध्ये 309 एकर जमिनीसह विकत घेतली. आपलीच जमीन, पैसे मोजून. 2020 मध्ये चेरोकी नेशनने नऊ देशी वाणांचं बी स्वालबार्डच्या जागतिक बीजकोठारात ठेवलं, त्यात त्यांचा सर्वांत पवित्र ‘व्हाइट ईगल’ मका आहे. ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानातलं 2,025 मीटरचं सर्वोच्च शिखर, जे दीडशे वर्षांहून अधिक काळ क्लिंगमन या सिनेटरच्या नावाने ओळखलं जात होतं, त्याला सप्टेंबर 2024 मध्ये कुवोही हे नाव अधिकृतपणे परत मिळालं.

अटलांटा, शार्लट भागातली मराठी कुटुंबं सुट्टीत या डोंगरांत नेहमी जातात. जाणार असाल तर चेरोकी गावातलं म्युझियम ऑफ द चेरोकी पीपल चुकवू नका. रस्त्याकडेला पिसांचा मोठा टोप घालून कुणी फोटोला उभा दिसला तर तो टोप मैदानी जमातींचा, पर्यटकांसाठी उसना घेतलेला, हे ध्यानात असू द्या. जुने चेरोकी फेटा बांधत. आणि उद्यानात वसंतात सोचान नावाची पालेभाजी कोवळी फुटलेली दिसली तर हात आवरा. 2019 च्या करारानुसार ती खुडण्याची परवानगी फक्त पूर्वेकडच्या चेरोकींना आहे.